गळ्याशी आलेलं पाणी आणि तोंडची वाफ: रॉबर्ट ऑल्टर यांचं तीन खंडांचं हिब्रू बायबल

हा सेट घेऊन दीड वर्ष झालं. मुद्दाम थांबले होते, कारण तीन हजारांवर पानं आहेत आणि असल्या पुस्तकाबद्दल पहिल्या आठवड्यात लिहिण्यात काही अर्थ नाही. आता पहिला खंड पूर्ण झालाय, दुसरा जवळजवळ पूर्ण, तिसऱ्यात मी ईयोबाच्या पुस्तकापाशी आहे, म्हणून आता लिहिते.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. रॉबर्ट ऑल्टर हे अमेरिकेत बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात हिब्रू आणि तौलनिक साहित्याचे प्राध्यापक होते. या एकट्या माणसाने अख्खं हिब्रू बायबल, म्हणजे आपण ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतो ते, इंग्रजीत आणलंय. १९९६ साली त्यांचं उत्पत्तीचं पुस्तक आलं, २००४ ला मोशेची पाचही पुस्तकं, म्हणजे बायबलातली पहिली पाच, २००७ ला स्तोत्रं, आणि २०१८ च्या डिसेंबरात नॉर्टन प्रकाशनाने सगळं मिळून तीन खंडांची पेटी काढली. म्हणजे वीस-बावीस वर्षं एकच काम. पुस्तकांचा क्रम ज्यू परंपरेचा आहे, पहिल्यात तोरा म्हणजे मोशेची तीच पाच पुस्तकं, दुसऱ्यात संदेष्टे, तिसऱ्यात बाकीचे लेख. पानावर वर भाषांतर आणि खाली टीपा, कितीतरी पानांवर टीपाच जास्त. नवा करार यात नाही, तो ग्रीकमधला आहे, त्यासाठी हा सेट घेऊ नका.

माझ्याकडे पहिली पेटी आली ती कोपरा चेपलेली आणि दुसऱ्या खंडाचं जॅकेट फाटलेलं. विकणाऱ्याने बदलून दिली पण तीन आठवडे घेतले, तेव्हा एवढी जड पेटी मागवणार असाल तर उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, पुढचा वाद वाचतो.

माझं पोट भाषांतरावर चालतं. खरेदीखतं, सातबारे, कोर्टातले जबाब, मृत्युपत्रं, मराठीतून इंग्रजीत आणि उलट. एका 'व' आणि 'किंवा'वरून जमिनीचा हिस्सा कोणाला ते ठरताना मी पाहिलंय, त्यामुळे भाषांतर करताना गुळगुळीत करून टाकायची सवय मला सहन होत नाही. आणि दुसरी बाजू अशी की मी नगरकडची, आमच्या घरी पवित्र शास्त्र रोज वाचलं जायचं, आजीला तेविसावं स्तोत्र तोंडपाठ होतं आणि ती ते भाकरी थापताना म्हणायची. इंग्रजी बायबल मला नंतर कॉलेजात भेटलं, तेही किंग जेम्स नावाचं १६११ चं जुनं इंग्रजी भाषांतर. म्हणजे कानात दोन आवाज आधीपासून होते, एक आजीचा मराठी आणि एक किंग जेम्सचा, आणि ऑल्टर हा तिसरा. पेटी उघडल्यावर मी पहिल्या पानापासून सुरुवात केलीच नाही, सरळ तिसरा खंड काढला आणि तेविसावं उघडलं.

किंग जेम्समध्ये तिसऱ्या ओळीत 'ही रिस्टोरेथ माय सोल' असं आहे. ऑल्टरनी 'सोल' काढून टाकलाय. त्यांच्याकडे 'माय लाइफ ही ब्रिंग्ज बॅक'. पहिल्यांदा वाचताना धक्का बसतो, काहीतरी मोठं हरवल्यासारखं वाटतं. पण टीपा वाचत गेलं की कळतं की मूळ हिब्रू शब्द 'नेफेश' आहे आणि नेफेश म्हणजे शरीरापासून वेगळा, अमर वगैरे असा आत्मा नाहीच, ती कल्पना ग्रीकांची आणि नंतर चर्चची. नेफेश म्हणजे श्वास, श्वासावर चालणारा जीव, आपण स्वतः, भूक, आणि सगळ्यात आधी घसा. अगदी हाडामांसाचा घसा. या भाषेच्या बहिणींतही तेच आहे, इराकातल्या प्राचीन अक्कडी भाषेत 'नपिश्तु' म्हणजे घसा आणि जीव दोन्ही. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, पाताळ आपला नेफेश रुंद करतं आणि तोंड वासतं, म्हणजे माणसं गिळायला नरडं उघडतं, आणि किंग जेम्समध्ये तिथे नुसतं 'हेल हॅथ एन्लार्ज्ड हरसेल्फ' आहे, नरडं गायब.

आणि मग एकोणसत्तरावं स्तोत्र. पहिलीच ओळ. किंग जेम्स म्हणतं पाणी माझ्या 'सोल'पर्यंत आलंय. ऑल्टर म्हणतात पाणी माझ्या मानेपर्यंत आलंय. मूळ शब्द नेफेशच. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून बसले, कारण आपल्याकडे हे वाक्य जसंच्या तसं आहे, पाणी गळ्याशी आलं. कर्ज झालं की म्हणतो, आजारपण लांबलं की म्हणतो. शिवाय 'जीव कंठाशी आला' असंही म्हणतो, म्हणजे जीव आणि कंठ आपण एका वाक्यात आणतो आणि हिब्रू एका शब्दात. आजीच्या मराठी शास्त्रात तेविसाव्यात काय होतं आठवतंय का, 'तो माझा जीव ताजातवाना करतो'. आत्मा नाही, जीव. इंग्रजीला 'सोल'मधून बाहेर पडून परत जीवावर यायला चारशे वर्षं गेली आणि मराठीत तो शब्द आजीच्या तोंडात होता. हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं, आमच्या पाळकसाहेबांनीसुद्धा नाही, आणि हे कळण्यासाठी मला एका अमेरिकन प्राध्यापकाचं इंग्रजी पुस्तक घ्यावं लागलं, पण घेतलं ते बरं केलं.

तेविसाव्या स्तोत्रातच पुढे डोक्याला तेल लावण्याची ओळ आहे. किंग जेम्समध्ये 'अनॉइंटेस्ट', म्हणजे राजाचा किंवा याजकाचा अभिषेक. पण हिब्रूत अभिषेकाचं क्रियापद वेगळं आहे, मसीहा शब्द ज्याच्यावरून आला ते, आणि इथे ते नाहीये. इथे जे आहे त्याचा अर्थ तुकतुकीत करणं, रसरशीत करणं असा. ऑल्टर 'मॉइसन' लिहितात, तू माझं डोकं तेलाने ओलं करतोस. म्हणजे हा राज्याभिषेक नाही, हा पाहुणचार आहे, उन्हातून आलेल्या पाहुण्याला बसवून तेल लावणं. आणि मराठीत? 'तेलाचा अभ्यंग करतोस'. दिवाळीचं अभ्यंगस्नान ज्याला माहीत आहे त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

मात्र त्याच स्तोत्रात मृत्यूच्या छायेची दरी ऑल्टरनी जवळजवळ तशीच ठेवलीये. तिथला 'त्सलमावेत' हा शब्द छाया आणि मृत्यू असा जोडून वाचायची जुनी पद्धत. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं की तो मुळात काळोखाचा शब्द, अक्कडीत त्याच धातूवरून काळ्या रंगाचा शब्द आहे, म्हणून अलीकडच्या कितीतरी इंग्रजी आवृत्त्यांत 'डार्केस्ट व्हॅली' झालंय. ऑल्टरनी मृत्यू सोडला नाही. मला आवडलं ते. ज्या शब्दात परंपरेने मृत्यू ऐकलाय तो कोशाच्या जोरावर पुसून टाकायचा नाही, एवढं भान त्यांना आहे.

आता उत्पत्ती. पहिल्या दोन ओळींवरच या सेटचा निकाल लावता येईल. किंग जेम्सची सुरुवात सगळ्यांना पाठ, 'इन द बिगिनिंग', पूर्णविराम. ऑल्टरकडे वाक्य 'व्हेन'ने सुरू होतं, देव आकाश आणि पृथ्वी घडवायला लागला तेव्हा, आणि मग वाक्य श्वास न घेता चालत राहतं ते थेट 'उजेड होवो' पर्यंत. ही नवी टूम नाहीये. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या राशी नावाच्या ज्यू भाष्यकाराने हे वाक्य असंच वाचलं होतं. आणि बाबिलोनची सृष्टीकथा अक्कडी भाषेतली, तिचे पहिले दोन शब्दच 'एनूमा एलिश', म्हणजे 'जेव्हा वर'. त्या मुलखात जगाची गोष्ट 'जेव्हा'ने सुरू करायची रीत होती. त्या कथेत तिआमत नावाची खाऱ्या समुद्राची देवी आहे आणि उत्पत्तीच्या दुसऱ्या ओळीत ज्या खोल पाण्यावर अंधार आहे त्याला हिब्रूत 'तेहोम' म्हणतात. तिआमत आणि तेहोम, एकाच धातूचे दोन शब्द. इंग्रजीत 'डीप' वाचताना यातलं काही कानावर येत नाही, आणि खरं सांगायचं तर कुठल्याच भाषांतरात येणार नाही, त्याला टीपच लागते.

त्याच ओळीत पृथ्वी 'तोहू वाबोहू' आहे. किंग जेम्स, आकाररहित आणि शून्य. आपलं मराठी शास्त्रही 'आकारविरहित व शून्य' म्हणतं, आणि इथे मात्र मराठी इंग्रजीइतकंच कोरडं झालंय. कारण तोहू-बोहू हा यमक जुळवलेला जोडशब्द आहे. ऑल्टरची टीप सांगते की यातला दुसरा शब्द बहुतेक पहिल्याला जोर द्यायला त्याच्या जोडीने बनवलेला. म्हणजे आपलं काय, पाणीबिणी, जेवणबिवण! 'ब' सुद्धा तोच. इंग्रजीत असे शब्द बनवायची सोय आपल्यासारखी नाही, म्हणून ते 'वेल्टर अँड वेस्ट' करतात, यमक गेलं पण निदान दोन 'व' तरी एकमेकांना धरून आहेत. वेल्टर हा शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला आणि इंग्रजी चांगलं असलेल्या माणसांनाही बघावा लागेल, पण आवाज टिकवायला ही किंमत दिलीये हे दिसतं. त्यानंतर किंग जेम्समध्ये देवाचा 'स्पिरिट' पाण्यावर 'मूव्ह' होतो. ऑल्टरकडे देवाचा श्वास पाण्यावर घिरट्या घालतो, आणि टीप सांगते की हेच क्रियापद दुसरीकडे पिल्लांवर पंख फडफडवणाऱ्या गरुडासाठी आलंय. एका शब्दात अंधार होता तिथे घरटं दिसायला लागतं.

माणूस कशाचा केला तर मातीचा, हे सगळ्यांना ठाऊक. पण हिब्रूत माणूस 'आदाम' आणि माती 'अदामा', एकातून दुसरा ओढून काढल्यासारखा. ऑल्टर 'ह्यूमन' आणि 'ह्यूमस' शेजारी शेजारी ठेवतात. मराठीत माणूस आणि माती, दोघांचा 'म' आयता आहे आणि तरी आपल्या कुठल्या पाळकाने तो वापरून प्रवचन केल्याचं मी ऐकलं नाही.

मला सगळ्यात जास्त हसू आणि आनंद एसावाने, याकोबाच्या थोरल्या भावाने, दिला. शिकारीवरून भुकेला येतो, याकोब मसुराचं कालवण करतोय, आणि हिब्रूत एसावाला कालवण हा शब्दसुद्धा सुचत नाही, तो म्हणतो ते लाल लाल दे. 'हाआदोम हाआदोम', लाल हे दोनदा. किंग जेम्सच्या विद्वानांनी त्याच्या तोंडी 'आय प्रे दी' घालून त्याला सभ्य केलं आणि कालवण हा शब्दही पदरचा घातला. ऑल्टरनी त्याला त्याची भूक परत दिली, 'रेड रेड स्टफ', आणि क्रियापद गपागप गिळण्याचं, जे पुढच्या काळातल्या हिब्रूत जनावरांना चारा भरवायला वापरतात. आपल्याकडे भुकेलं पोर 'ते लाल लाल दे ना' असंच म्हणेल.

थोडं या भाषांबद्दल, कारण त्याशिवाय या सेटची गंमत अर्धीच कळते. हिब्रू, अरामी, फिनिशियन, मवाबी, उगारिती, अक्कडी, अरबी, इथिओपियातली गेएझ, हा सगळा एक कुटुंबकबिला. शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभा राहतो आणि स्वर बदलले की अर्थ सरकतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही कारण अरबी-फारसीतून हे धातू आपल्या घरात कधीचे येऊन बसलेत. किताब आणि मकतब यांतला क-त-ब, हिब्रूत 'कातव' म्हणजे त्याने लिहिलं. हिशेब हा शब्द रोज बोलतो आपण, हिब्रूत 'हाशव' म्हणजे मोजलं, धरलं, मानलं, आणि अब्राहामाचा विश्वास देवाने त्याच्या बाजूने धरला त्या प्रसिद्ध ओळीत हेच क्रियापद आहे, देवाने त्याच्या खात्यावर जमा केलं म्हणा ना. रहम म्हणजे दया, आणि हिब्रूत 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, 'रहमीम' म्हणजे दया. आईच्या पोटातून आलेला शब्द. उत्पत्तीत लाबान आणि त्याचा जावई याकोब दगडांची रास रचतात साक्षीसाठी, तर लाबान तिला 'यगर साहदुता' म्हणतो. हे दोन शब्द हिब्रू नाहीत, अरामी आहेत, लाबान अरामी माणूस आहे म्हणून लेखकाने त्याला त्याच्या भाषेत बोलू दिलंय. साहदुता म्हणजे साक्ष, आणि शहीद शब्दातला श-ह-द तोच, अरबीत शाहिद म्हणजे साक्षीदार. दानीएल आणि एज्रा या पुस्तकांचे तर मोठे भाग अरामीतच आहेत.

जुन्या हिब्रूत स्वर लिहीतच नसत, वाचणाऱ्याला माहीत असायचे. स्वरचिन्हं तिबेरियाच्या मासोरा पंडितांनी, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी, फार उशिरा लावली, आणि आज ज्याच्यावरून बहुतेक भाषांतरं होतात ती सेंट पीटर्सबर्गमधली संपूर्ण हस्तलिखित प्रत १००८ सालच्या आसपासची आहे. म्हणजे व्यंजनं जुनी, स्वर नंतरचे, आणि गोंधळाला भरपूर जागा. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमची गोष्ट तर जगप्रसिद्ध आहे. मोशे डोंगरावरून खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याची त्वचा 'क-र-न' झाली होती. करान म्हणजे चमकली, पण केरेन म्हणजे शिंग. जेरोमने लॅटिनमध्ये शिंगं लिहिली आणि अकराशे वर्षांनी मायकेलअँजेलोने रोममध्ये संगमरवरी मोशेच्या डोक्यावर खरोखर दोन शिंगं काढली, आजही आहेत.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एक ओळ आहे जी मला माझ्या धंद्यामुळे फार जवळची. इस्राएली शेतकऱ्यांना नांगराच्या फाळाला धार लावून घ्यायला शेजारच्या शत्रूंकडे, पलिष्ट्यांकडे, जावं लागायचं, लोहारकी त्यांच्या हातात होती. पुढे 'पीम' असा एक शब्द येतो, अख्ख्या बायबलात एकदाच. किंग जेम्सवाल्यांना त्याचा अर्थ कळणं शक्यच नव्हतं, त्यांनी संदर्भावरून कानस असं लिहिलं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या भागातल्या मातीत छोटी दगडी वजनं सापडायला लागली, त्यावर कोरलेलं, पीम. साडेसात-आठ ग्रॅमची, साधारण दोनतृतीयांश शेकेल, शेकेल म्हणजे तेव्हाचं चांदी तोलायचं वजन. म्हणजे ती कानस नव्हतीच, ती मजुरी होती! एका फाळाला दोनतृतीयांश शेकेल. अडलेल्या शेतकऱ्याला किती द्यावे लागायचे ते सांगणारी ओळ, आणि तीनशे वर्षं ती हत्यारांची यादी म्हणून वाचली गेली.

असंच उगारित या प्राचीन शहराचं. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला आणि खाली थडगं निघालं, दुसऱ्या वर्षी जवळच रास शामराला फ्रेंचांनी खणायला घेतलं तर मातीच्या पाट्यांवर तीस चिन्हांची कीलाक्षरी वर्णमाला. ते शहर ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमारास नष्ट झालेलं. त्या पाट्यांत एक साप आहे, पळणारा, वेटोळी घालणारा, आणि यशयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लिव्याथान या समुद्रातल्या अजस्र सापाला लावलेली विशेषणं जवळजवळ तीच. म्हणजे यशयाचा कवी कुठल्यातरी फार जुन्या ओवीची ओळ उचलत होता.

आणि इथेच माझी या सेटबद्दलची एक तक्रार. ऑल्टर मुळात साहित्याचे समीक्षक. शब्दांची पुनरुक्ती, संवाद, गोष्ट कुठे थांबते आणि का, यावर त्यांच्या टीपा इतक्या सुंदर आहेत की दाविदाची गोष्ट मी कादंबरीसारखी वाचली, रात्री दोनपर्यंत. पण या बहिणभाषांबद्दल, उत्खननाबद्दल ते हात राखून बोलतात. वर मी जे सांगितलं त्यातलं बरंच मी दुसरीकडे वाचलेलं आहे. तेवढ्यासाठीच घेणार असाल तर निराशा होईल.

दुसरी तक्रार मोठी, हिब्रू मजकूर नाहीये. एवढी पानं, एवढी किंमत, आणि समोरच्या पानावर मूळ नाही, फक्त टीपांत रोमन अक्षरांत एखाददुसरा शब्द. मी फोनवर सेफारिया ही वेबसाइट उघडून शेजारी ठेवते, ते फुकट आहे, हिब्रू आणि इंग्रजी ओळीला ओळ दिसतं, शब्दावर टॅप केलं की कोश उघडतो. मला हिब्रू अक्षरं तेवढी ओळखता येतात, बावीसच आहेत, महिन्याभरात येतात, आणि तेवढ्यानेही किती फरक पडतो ते बघा.

तिसरी गोष्ट तक्रार आहे की नाही ते वाचणाऱ्यावर. 'अँड'. हिब्रू गोष्ट 'व'वर चालते, आणि तो उठला व गेला व बघितलं व परत आला. (हा आपला 'व' फारसीतून आलाय, मुळात अरबी, म्हणजे हिब्रूच्या 'व'चा सख्खा भाऊच.) आधुनिक इंग्रजी भाषांतरं हे सगळं तोडून 'व्हेन', 'आफ्टर', 'सो' घालतात, कारण शाळेत शिकवलंय सारखं 'अँड' लिहू नये. ऑल्टर याच्या विरुद्ध फार तळमळीने लिहितात, सगळं समजावून सांगायच्या हौसेला ते पाखंड म्हणतात. रिबेका विहिरीवर उतरते, घागर भरते, वर येते, उंटांना पाजते तो भाग त्यांच्या इंग्रजीत मोठ्याने वाचा, धावपळ ऐकू येते. आजी गोष्ट सांगायची तेव्हा 'मग... आणि मग... आणि मग' अशीच सांगायची. पण मान्य करते, गणनाच्या पुस्तकात छावणीचे हिशेब चाललेत तिथे सलग पन्नास पानं हे 'अँड' दमवतात.

किंग जेम्सला मी कमी लेखत नाहीये, ऑल्टरही लेखत नाहीत. सत्तेचाळीस विद्वानांनी केलेलं ते काम, आणि त्यातला केवढा तरी भाग आधीच्या विल्यम टिंडेलचा. टिंडेलने १५३० मध्ये मोशेची पुस्तकं थेट हिब्रूवरून इंग्रजीत छापली आणि लिहून ठेवलं की हिब्रूची चाल लॅटिनपेक्षा इंग्रजीशी हजारपट जुळते. १५३६ साली त्याला गळा आवळून मारून जाळलं. त्याआधी तुरुंगातून त्याने पाठवलेलं एक लॅटिन पत्र शिल्लक आहे, त्यात तो मागतो काय तर ऊबदार टोपी, संध्याकाळी दिवा, आणि हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण, हिब्रू कोश. मी भाषांतराचं बिल लावताना कधीकधी त्या दिव्याचा विचार करते. किंग जेम्सचे 'अँड' त्याचेच, हाडं, हात, बीज हे शब्द जसेच्या तसे ठेवायची वृत्तीही त्याचीच, आणि ऑल्टर मधली जवळजवळ पाचशे वर्षं ओलांडून त्याच्याशीच बोलतायत असं मला वाटतं.

उपदेशक या पुस्तकातली ओळ सांगायची राहिली. 'व्हॅनिटी ऑफ व्हॅनिटीज', मराठीत 'व्यर्थ हो व्यर्थ'. हिब्रू शब्द 'हेवेल', म्हणजे तोंडातून निघणारी वाफ, हिवाळ्यात दिसते आणि विरते ती. काइनाने मारलेल्या हाबेलाचं नावही हिब्रूत हेच. ऑल्टर लिहितात 'मिअरेस्ट ब्रेथ', सगळं नुसता श्वास. आता आपण काय म्हणतो, तोंडची वाफ दवडू नकोस. फुकट, वाया, व्यर्थ यासाठी मराठीत वाफच आहे, हिब्रूसारखीच, आणि आपल्या भाषांतरकारांनी ती हाताशी असताना 'व्यर्थ' निवडलं. तसंच रागाचं. हिब्रूत नाक आणि राग एकच शब्द, 'आफ', आणि सहनशील देव म्हणजे लांब नाकाचा देव. इंग्रजीत नुसतं 'स्लो टु अँगर'. आपला राग तर नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो.

म्हणून हा सेट वाचता वाचता मला सारखी पंडिता रमाबाईंची आठवण येत राहिली. केडगावला बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं मूळ भाषांवरून साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणण्यात घातली. १९२२ ला त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला छापून निघालं. ऑल्टरसारखंच, एका माणसाने. आणि कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांकडे तर १८४६ पासून हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, मराठी भाषांतरासकट छापलेली आहे. हिब्रूवरून थेट मराठी, मधे इंग्रजी नाही, हा रस्ता आपल्याकडे होता. रमाबाईंची प्रत मी एकदाच हातात धरलीये, एका ओळखीच्यांकडे, तिचा नीट टीपांसकट नवा संच कोणी काढला तर मी याच्या दुप्पट पैसे देईन.

घ्यायचा की नाही, तर पूर्ण पेटी सगळ्यांनी घेऊ नये. इतिहासाची पुस्तकं, वंशावळ्या, मंदिराची मापं, यासाठी एवढे पैसे घालायची गरज नाही. उत्पत्ती, दाविदाची गोष्ट आणि स्तोत्रं सुटी मिळतात आणि खिशाला परवडतात. त्यातलंही एकच घ्यायचं तर स्तोत्रं. ज्यांच्या घरी मराठी पवित्र शास्त्र आहे त्यांनी ते शेजारी उघडून ठेवावं, एकोणसत्तरावं काढावं, आणि दोन्ही मोठ्याने वाचावं, मराठी आधी.